पंख्याची सहा पाती

"थर्मासा, चहा ओतलाय म्हणावं. गार झाला तर पुन्हा करायला इथं गॅस नाही."

अक्का हे थर्मासला सांगत होती. थर्मास खिडकीच्या कट्ट्यावर, अक्का तिच्या खाटेवर आणि मी माझ्या. दोन खाटांच्या मधे एक माणूस अंग चोरून चालेल एवढीच जागा. मी उठून कप घेतला आणि छताकडे तोंड करून म्हणाले, "पंख्या, साखर नाही ना घातली, विचार."

"थर्मासा, कुणाला साखर आहे आणि कुणाला नाही ते मला ठाऊक आहे म्हणावं. हिच्या लग्नापासून चहा मीच करतेय."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला मे महिना होता. बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान, दुकानाच्या मागं घर आणि घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली. न खपलेली जुनी भांडी पोत्यांत बांधून तिथं ठेवलेली असत. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भागीरथी. आम्ही दोघी एकाच दिवशी तापलो, दोघींच्या नाकात काड्या घातल्या आणि दोघींना एकदमच वर पाठवलं. पोती भिंतीकडे सरकवून दोन खाटा टाकल्या. माझ्या मुलानं, उदयनं, जिन्याचं दार खालून लावून घेतलं. नातवंडं वर येतील ही एक भीती, आणि दुसरी गल्लीची. आदल्या वर्षी पलीकडच्या घरात रोगी निघाला तेव्हा गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते. दूधवाला येईना, ओळखीची माणसं खिडक्या लावून घेत. म्हणून या वेळी उदयनं कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता. "दिवसा गच्चीत फिरू नका," एवढंच त्यानं हात जोडून सांगितलं होतं. जेवण टोपलीत घालून सून वृषाली मागच्या बाजूनं दोरीला बांधायची आणि आम्ही वर ओढून घ्यायचो.

अडचण एकच होती. अक्काचा आणि माझा आठ-नऊ वर्षांपासून अबोला होता.

आमच्या घरात अबोल्याची रीत ठरलेली आहे. सासूबाई आणि त्यांच्या नणंदेच्या वेळेपासूनची. अबोला धरला म्हणून कामं अडवायची नाहीत. जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. ज्याच्यासाठी आहे त्यानं ऐकायचं, पण ऐकलं असं दाखवायचं नाही, आणि उत्तरही तिसऱ्यालाच द्यायचं. जी आधी थेट बोलेल ती हरली. खाली असताना सून होती, नातवंडं होती, कुणी नसलं तर मांजर होतं. वर कुणीच नव्हतं. पहिले दोन दिवस तापात गेले. तिसऱ्या दिवशी अक्कानं थर्मास धरला, मी पंखा धरला.

अबोला कशावरून, तर एका हंड्यावरून. माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा मोठा हंडा होता. त्यावर माझ्या वडिलांनी टाकणीनं ठोकून नाव घालून घेतलं होतं, 'रत्नमाला हिस आईकडून'. सासूबाई गेल्यावर अक्कानं घर आवरायला काढलं आणि तो हंडा देवळाच्या अन्नछत्राला देऊन टाकला. मी माहेरून परत आले तर मोरीतली जागा मोकळी. "मला विचारायचं तरी," मी म्हणाले. "देवाला द्यायचं त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

ताप उतरला. डॉक्टर फोनवरूनच गोळ्या सांगत होते. त्यांतली एक बारीक पांढरी गोळी घेतली की मला भयंकर भूक लागायची, तहान लागायची, आणि तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही तोंड कोरडंच. पण दम लागेनासा झाला. अक्का तर उठून पोती मोजायला लागली होती. आता चार दिवसांत खाली, असं मी मनाशी म्हणत होते, आणि माझा उजवा डोळा लाल झाला.

"थर्मासा, डोळे आलेत म्हणावं. हात लावू नको आणि तो पदर माझ्या खाटेकडे झटकू नको."

मी उदयला फोन केला. त्यानं डॉक्टरांना केला. कोरोनात डोळे येतात, पुष्कळांना येतात, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. संध्याकाळी टोपलीतून औषधाची बाटली वर आली. दोन-दोन थेंब घालायचे.

थेंब घातले, पण डोळा सुजतच गेला. नाकाची उजवी बाजू चोंदली. वरची दाढ ठणकायला लागली, आणि मग ठणका थांबून तो गालच कुणीतरी काढून नेल्यासारखा झाला. दात काढताना सुई देतात तेव्हा होतो ना, तसा. तोंड धुताना अर्धाच चेहरा हाताला लागतोय असं वाटायचं. रुमालावर नाकातलं काळपट काहीतरी यायचं. मी रुमाल उशीखाली घालून ठेवी. माझ्या भावाला महिन्यापूर्वीच सोलापूरला दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर तिथून फक्त फोन आला. मला तिकडं जायचं नव्हतं. त्या पत्र्याखालच्या भट्टीत मेले तरी चालेल, पण तिकडं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दुपारी वीज गेली. मे महिन्यातली बार्शीची दुपार आणि डोक्यावर पत्रा. भांड्यांची पोतीसुद्धा तापून गरम वाफ सोडत होती. खिडकीतून बाहेर डोकवायचं नाही, दार उघडून सावलीत बसायचं नाही, समोरच्या माणसाशी बोलायचं नाही. मी उताणी पडून थांबलेल्या पंख्याकडे बघत होते. बघता बघता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी पाती मोजली. पुन्हा मोजली.

"पंख्या," मी म्हणाले, "तुला सहा पाती कधी फुटली रे?"

अक्का वारा घेत होती. तिच्या हातातला पुठ्ठा थांबला. "थर्मासा, पंख्याला तीन पाती आहेत म्हणावं."

"पंख्या, सहा आहेत."

"थर्मासा, तीन."

"पंख्या, सांग तिला, मला दिसतात तेवढी मी सांगतेय. तीन सरळ आणि तीन जरा तिरकी."

अक्काची खाट करकरली. मला वाटलं, ती थर्मास उचलायला उठली. तेवढ्यात माझ्या चेहऱ्यावर सावली पडली. अक्का माझ्या खाटेच्या कडेला येऊन उभी होती. मला तर दोन अक्का दिसत होत्या, एकमेकींत अर्ध्या मिसळलेल्या.

"रत्ने, हा डोळा झाक."

इतक्या वर्षांनी माझं नाव तिच्या तोंडून आलं, आणि ते असं, शाळेच्या बाईंनी हाक मारावी तसं. मी गुपचूप डोळा झाकला.

"आता किती?"

"तीन."

"तो उघड. दुसरा झाक."

"तीनच. पण पुसट."

"दोन्ही उघड."

"सहा."

तिनं माझ्या उजव्या गालावर बोट दाबलं. "लागतंय?"

"काहीच लागत नाही."

"आता?" तिनं नख रुतवलं असणार, कारण ती स्वतःच कळवळल्यासारखी झाली. मला काही कळलं नाही. "तोंड उघड. आ कर. मोठा." तिनं मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं आणि बॅटरी बंद केली. "टाळूला काळं पडलंय," ती म्हणाली. "ती काळी बुरशी आहे. रोज पेपरात येतंय. वृषाली टोपलीत भाकरीखाली पेपर घालते तो मी वाचते, तू कधी वाचतेस?"

"उदयला सांगू नको."

"का?"

"ते मला नेतील. सांगितलंस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही."

"एरवी मोठी बोलत होतीस," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला.

उदय तिला मोठी आई म्हणतो. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मोठी आई, अगं आत्ताच डॉक्टरांशी बोललोय. डोळे येतात या आजारात. ड्रॉप चालू आहेत ना? दोन दिवस बघू."

"उदय, तिला एकाचे दोन दिसतात."

"अशक्तपणा आहे. आणि नेऊ म्हटलं तरी कुठं नेऊ? सोलापुरात एक खाट रिकामी नाही. इथं दारात ॲम्ब्युलन्स उभी राहिली की संपलंच. मुलं लहान आहेत, मोठी आई. दूध बंद होईल. मागच्या वर्षीचं विसरलीस?"

"दार उघड."

"दोन दिवस. तुझ्या पाया पडतो."

त्याला दोष देऊन उपयोग नाही. तो घाबरलेला होता आणि सगळं जगच त्या दिवसांत 'दोन दिवस बघू' म्हणत होतं. अक्कानं फोन खाटेवर टाकला. मला वाटलं, झालं, आता ही बसेल थर्माससमोर. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

मागून पोतं उसवल्याचा आवाज आला. वळून बघते तर अक्कानं जुन्या मालातली पितळी परात काढली होती आणि दुसऱ्या हातात लोखंडी बत्ता. ती दार उघडून गच्चीत गेली. भर उन्हात, पायात काही नाही, सबंध गल्लीला दिसेल अशी कठड्यापाशी उभी राहिली आणि तिनं परात बडवायला सुरुवात केली.

भांड्यांच्या घरात भांड्याला पोचा आणत नाहीत. ग्राहकाच्या हातून तांब्या पडला तर आमच्या सासऱ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. आणि ही बाई परातीचा चेंदा करत होती. पटापट खिडक्या उघडल्या. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय हो अक्का, पुन्हा वाजवायला सांगितलंय का?"

"कुणी सांगितलं नाही," अक्का म्हणाली. तिचा आवाज तसाही मोठाच. "आमच्या घरात कोरोना आहे. मला आहे आणि माझ्या जावेला आहे. तिचा डोळा चाललाय. आजच्या आज सोलापूर गाठायचंय आणि आमचं दार उघडत नाही. ज्यांना पत्रे ठोकायचेत त्यांनी ठोका, पण आधी गाडी बाहेर जाऊ द्या."

मग समोरचा म्हणाला, "अहो, मग उदय करतोय काय?" दुसऱ्यानं फोन काढला. मेहुण्याच्या ओळखीनं खाट बघतो म्हणाला. तिसऱ्या घरातल्या बाईनं तिथूनच सांगितलं की दुधाचं मी बघते. ज्यांच्या भीतीनं आम्ही आठ दिवस श्वाससुद्धा हळू घेत होतो, तीच ही माणसं. अक्का बडवतच राहिली. जिन्यावर धावत पावलं आली आणि खालची कडी निघाली.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. उदय पुढं, काचा उघड्या, तोंडावर दोन-दोन मास्क. रस्त्यावरचे पांढरे पट्टे मला दुहेरी दिसत होते, म्हणून मी डोळे मिटून घेतले. उजवा पुरता मिटतही नव्हता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. अत्तार तिचं नाव. पांढऱ्या झग्यात ती सगळी झाकलेली, म्हणून मला तिचा फक्त आवाज आठवतो, दमलेला पण नीट. त्या मजल्यावर माझ्यासारखी माणसं रांगेनं झोपलेली होती, प्रत्येकाच्या चेहऱ्याची एक बाजू बांधलेली. माझी साखर तपासली तर ती आभाळाला टेकलेली. ती पांढरी गोळी साखर वाढवते, डॉक्टर म्हणाली. गोळी द्यावी लागतेच कित्येकांना, पण साखर रोज बघायला हवी होती. बुरशीला तेच हवं असतं. नाकातून ती डोळ्यात चढली होती.

"आजी, डोळा काढावा लागेल," ती म्हणाली. "त्यातली नजर तशीही चाललीय. ठेवला तर बुरशी मेंदूत जाईल. पापण्या वाचवायचा प्रयत्न करते, म्हणजे पुढं खोटा डोळा बसवता येईल. उद्या सकाळी करू."

"नाही," मी म्हणाले.

तिनं समजावलं. उदयनं खालून फोनवर समजावलं, रडला. मी नाहीच म्हणत राहिले. शेवटी डॉक्टर अक्काकडे वळली. एका रोग्याजवळ एक माणूस राहू देत, म्हणून ती तिथं होती. "घरात मोठ्या तुम्ही ना? मुलगा म्हणतो, मोठी आई सांगेल तसं करा."

मला ठाऊक होतं आता काय होणार. घरातली लग्नं, वास्तुशांती, कुणाला काय द्यायचं आणि कुणाकडचं काय आणायचं, सगळं तीच ठरवत आली. ती मान हलवणार, मला ढकलत नेणार.

"मी नाही सांगणार," अक्का म्हणाली. "डोळा तिचा आहे."

डॉक्टर गेली. अक्कानं स्टूल ओढलं आणि बसली.

"रत्ना, काढू दे का?"

ती पाणी घेऊन आली, मला पाजलं, पुन्हा बसली.

"काढू दे का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता. परिचारिका येऊन सलाईन बदलून गेली. अक्कानं माझी चादर सारखी केली आणि तेच विचारलं, त्याच आवाजात. त्यात दटावणी नव्हती, कळवळाही नव्हता. उत्तर हवं असलेल्या माणसानं विचारावं तसं.

"तुला कळायचं नाही," मी म्हणाले. "यांनी मला डोळ्यांसाठी केली होती. मुलगी बघायला आले तेव्हा बाकी काही विचारलंच नाही. घारे डोळे आहेत म्हणून हो म्हणाले. दुसरं माझ्याजवळ काय होतं?"

"मी होते की तिथं," ती म्हणाली. "मीच सासूबाईंना सांगितलं, मुलगी हसली की डोळे आधी हसतात."

हे मला माहीत नव्हतं.

"मग ठरव ना तूच," मी म्हणाले. "मला कशाला विचारतेस? कधी विचारलंस?"

ती हातातला रुमाल घडी घालून उलगडत होती.

"तेव्हा नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीच कळलं मला. पण मग तू बोलेनाशी झालीस आणि मी थोरली. थोरलीनं आधी बोलायचं कसं, यातच वर्षं गेली."

"आत्ता नाही म्हटलं तर?"

"तर इथंच बसते."

"आणि हो म्हटलं तर?"

"तरी इथंच. दुसरीकडे कुठं जाऊ, दार लावून बसलेत सगळे."

मी डावा डोळा मिटला. उजव्यानं आता नुसता उजेड दिसत होता, त्यात तिचा आकारसुद्धा नव्हता. मी दोन्ही मिटले. त्या खोलीत, त्या आठ दिवसांत आणि त्या आधीच्या सगळ्या वर्षांत मला काय हवं होतं ते मला तिथं, औषधाच्या वासात, पहिल्यांदा नीट कळलं.

"हो," मी म्हणाले. "काढू दे."

ती उठली नाही. तिथूनच तिनं परिचारिकेला हाक मारली आणि सांगितलं, "डॉक्टरांना बोलवा. तिला सांगायचंय काहीतरी. ती स्वतः सांगेल."

त्यानंतरचे दिवस इंजेक्शनांचे गेले. त्या इंजेक्शनांसाठी उदय गावोगाव फिरला. पावसाळा संपता संपता जखम भरली आणि दिवाळीनंतर आम्ही दोघी पुण्याला गेलो, डोळा करून घ्यायला. डोळे बनवणारा गृहस्थ साधा, चष्मा लावलेला. त्यानं एक लांबट पेटी उघडली. आत लहान कप्पे, प्रत्येकात एक डोळा. काळे, तपकिरी, पिंगट. कुणी आपल्याकडे एकटक बघत बसावं तसं वाटलं, म्हणून मी मान फिरवली.

त्यानं माझ्या डाव्या डोळ्यावर उजेड पाडला. "आजी, वयानं रंग जरा उतरलाय. हा चालेल." त्यानं एक फिकट तपकिरी डोळा उचलला.

"चालणार नाही," अक्का म्हणाली.

"जवळपास आहे, मावशी."

"जवळपास नको. तुम्ही उतरलेला बघताय, मी आधीचा सांगते. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडायला लागली की खालून पितळ दिसतं ना, तसा. मधे पिवळट, बाहेर राखी. आणि कडेला हिरवट रेघ आहे, बारीक. ती उन्हातच दिसते. स्वयंपाकघरात दिसत नाही, मागच्या दारी कपडे वाळत घालताना दिसते." तिनं थोडं थांबून आठवलं. "खालच्या बाजूला एक तपकिरी ठिपका होता. तो उजव्यातच होता, डाव्यात नाही."

त्या गृहस्थानं पेन घेऊन लिहायला सुरुवात केली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे का, आजी?"

मला सांगता येईना. सत्तर वर्षं मी आरशात बघत होते, कुंकू नीट लागलंय का, केस बसलेत का. ठिपका मला ठाऊक नव्हता. आणि मागच्या दारी मी कपडे वाळत घालायचे, तेव्हा अक्का माझ्याकडे पाठ करून भांडी घासत असायची, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"बरोबर असेल," मी म्हणाले.

"हा मुद्दाम रंगवून घ्यावा लागेल. वेळ लागेल," तो म्हणाला. मग पेटी मिटता मिटता त्यानं हसून विचारलं, "सख्ख्या बहिणी का तुम्ही?"

"छे," अक्का म्हणाली. "आमचं कधी पटलंच नाही. तुम्ही ठिपका लिहून घेतलात का, ते दाखवा."